पोर्ट बदल की म्हणे!

पुढच्या वेळी कुणी मला "एका सर्व्हरवर चार नोड चालवायला काय लागतंय, पोर्ट बदल की!" असं म्हटलं, तर त्याला बेळगावच्या शहापुरात घरी बोलावणार, ऐन पावसाळ्यात आमच्या मागाच्या खोलीत रात्रभर बसवणार आणि बाहेरून कडी घालणार. नोड म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनाचे सगळे व्यवहार आपल्याच मशीनवर तपासणारा प्रोग्रॅम, आणि पोर्ट म्हणजे त्याच्या दाराचा नंबर.

मागाची खोली म्हणजे आजोबांच्या वेळी जिथं साड्यांचे हातमाग होते ती. माग गेले, खड्डे बुजवले, आता तिथं माझा जुना टॉवर बसलाय. 16 जीबी रॅम, 2 टीबीची स्वस्तातली एसएसडी. त्यावर बिटकॉइन, बिटकॉइन कॅश, लाइटकॉइन आणि मोनेरो. एका खुंट्याला चार म्हशी आणि वैरण एकीपुरती.

आणि हे म्हणे पोर्ट बदल. अरे बाबा, लाइटकॉइनचं 9333, मोनेरोचं 18080, ती पोर्टं मुळातच वेगळी. त्या दोघांची कुणाला अडचणच नाही. भांडण आहे ते सख्ख्या भावांचं. बिटकॉइन कॅश 1 ऑगस्ट 2017 ला बिटकॉइनचं घर सोडून वेगळा झाला, पण पत्ता जुनाच सांगत फिरतोय: 8333. बरं, बदललं मी पोर्ट. तरी चालू होईना. का? तर डेटाचं फोल्डरसुद्धा दोघांचं एकच! पहिला आत बसलेला, आणि दुसरा "डेटा डिरेक्टरीचं लॉक मिळत नाही" म्हणत दारात उभा. वाटण्या झाल्या, तोंडं बघत नाहीत, पण चूल एकच. हे कळायला माझा अख्खा रविवार गेला.

मग रॅम. कुठंतरी वाचलं की डीबीकॅश (नोड डेटा तात्पुरता ठेवतो ती रॅममधली जागा) वाढवला की सिंक, म्हणजे जुने सगळे ब्लॉक उतरवून तपासणं, पळतं. मुळात तो 450 एमबी होता. मी उत्साहात बिटकॉइनला सहा हजार दिला, बिटकॉइन कॅशला सहा, लाइटकॉइनला सहा. सहा त्रिक अठरा आणि रॅम सोळा! चौथीतलं पोर पण हसेल. दुसऱ्या रात्री लिनक्सनं सगळ्यात जाडजूड गिऱ्हाईक बघून मान मुरगळली. बिटकॉइनच तो, दुसरा कोण असणार. लॉगमध्ये एवढाच शब्द: किल्ड. त्याचं रॅममधलं डिस्कवर उतरलेलंच नव्हतं, तेवढं सगळं परत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. मागच्या आठवड्यात पाऊस लागला आणि करंट गेला. वीजवाल्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं, "बरतैत री, बरतैत." येतोय, येतोय. किती वाजता ते विचारायचं नाही. मी निवांत होतो, कारण यूपीएस होता. बॅटरीवर गेल्या गेल्या चारही नोड व्यवस्थित बंद करणारी स्क्रिप्ट मीच लिहिलेली, भारी अभिमान होता तिचा. झालं काय, चौघेही एकाच वेळी आपापलं गाठोडं डिस्कवर उतरवायला लागले. एसएसडीचा जीव तो केवढा! आणि लिनक्समध्ये प्रोग्रॅम चालू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची सहनशक्ती, काही सांगितलं नाही तर, 90 सेकंदांची. बिटकॉइनला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो हे मला आता पाठ आहे. तेव्हा नव्हतं. 90 सेकंद झाले, ठार. पाठोपाठ यूपीएस पण बसला. सकाळी बिटकॉइन विचारतोय, ब्लॉक डेटाबेस उघडत नाही, नव्याने बांधू का? बांध की राजा. सहाशे जीबीच्या वर आहे, माझ्या बापाचं काय जातंय.

बापाचं जातंय, तोच तर घोळ आहे. टॉवर 120 वॉट खातो. दिवसाला पावणेतीन युनिटच्या वर, महिन्याला 86. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत 200 युनिटच्या आत राहिलं तर सवलत, 200 ओलांडलं की अख्खं बिल भरा. आमचं घर आजवर कधी दीडशेच्या पुढं गेलं नव्हतं. मीटर बघायला आलेला माणूस अप्पांना म्हणाला, "एसी हाकसीरेन री?" एसी बसवलाय काय! आमच्याकडं कूलर पण नाही.

अप्पा तडक मागाच्या खोलीत आले. "काय करालायस रे हितं? किती मिळालंय ह्यातनं?"

काही नाही अप्पा. हे मायनिंग न्हवं, नवी नाणी मिळवायचं काम न्हवं. नोडला कोण पैसे देत नाही. आपला व्यवहार खरा का खोटा, हे दुसऱ्याला न विचारता आपणच तपासायचं, एवढंच.

"म्हणजे बिल भरून पहारा कराय लागलायस."

यावर मी काय बोलणार?

परवा "पोर्ट बदल की" म्हणणाऱ्या पुण्याच्या मित्राचा फोन. सगळं सांगितलं. तर म्हणतो, इथेरियम पण टाक की, पोर्ट वेगळंच आहे. सप्टेंबर 2022 पासून त्या एका इथेरियमला दोन-दोन प्रोग्रॅम चालवावे लागतात आणि डिस्क पण तो एकटाच ढिगानं खातो, हे त्याला माहीत नसेल असं नाही. फोन कापला मी.

आता सिस्टमडीचा वेळ 600 सेकंद केलाय, स्क्रिप्ट एकेकाला रांगेत बंद करते, आणि रीइंडेक्स, म्हणजे ते नव्यानं बांधणं, संपेपर्यंत बाकीचे तिघे गप्प. 38 टक्के झालंय. मघाशी अप्पांनी बाहेरून विचारलं, "आज आवाज बारीक येतोय, इकलास काय?"