एका काचेच्या नळीत तीन कामं

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलबद्दल एक वाक्य कायम कानावर पडतं: "तिथे नको, शिकाऊ डॉक्टर हात साफ करून घेतात." त्यावर कॉलेजवाल्यांचं छापील उत्तर तयारच असतं: उपचार, शिक्षण आणि संशोधन हे आमचे तीन स्तंभ. दोन्ही वाक्यं वॉर्डात पाऊल टाकलं की गळून पडतात. तिथे एक खाट असते, एक केसपेपर असतो आणि तीन दिवस धड न झोपलेला एक हाउसमन, म्हणजे एमडी करणारा निवासी डॉक्टर, असतो. तिन्ही कामं त्याच्याच अंगावर असतात.

सर्पदंश घ्या. भातलावणीच्या दिवसांत पायाला घोणस चावलेला माणूस तालुक्याहून रेफर होऊन येतो. कॅज्युअल्टीत पहिलं काम मशीनचं नसतं. दोन मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदाच आडवी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विषाने रक्त गोठण्याची प्रक्रिया मोडली आहे. एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या उताऱ्याच्या, दहा व्हायल (छोट्या बाटल्या) सलाइनमधून साधारण तासाभरात द्यायच्या, अ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज, उताऱ्याचीच रिअॅक्शन आली तर म्हणून, भरून उशाशी ठेवायची. सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा.

इतकी सोपी गोष्ट, आणि ती बिघडते कशी बघा. नळी प्लास्टिकची निघते. काचेच्या पृष्ठभागामुळे रक्त गोठायला चालना मिळते, प्लास्टिकमुळे तशी मिळत नाही. किंवा नळी काचेचीच असते, पण मावशींनी ती साबणाच्या पावडरीने घासून ठेवलेली असते. मग चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही. कुणीतरी पाचव्या मिनिटाला "झालं का?" म्हणून नळी हलवून बघतो. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे नळी लावल्याची वेळ कागदावर नसतेच, नुसतं 'नॉट क्लॉटेड' लिहिलेलं असतं.

आता या एका चुकीचा हिशेब मांडा. पेशंटला गरज नसताना दहा व्हायल जातात, त्यात रिअ‍ॅक्शनचा धोका वेगळा. शेजारी उभा असलेला इंटर्न चुकीची पद्धत शिकतो आणि उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तीच वापरतो. आणि वर्षभराने त्याच वॉर्डातला कुणीतरी 'सर्पदंशातील मूत्रपिंड विकार' असा थिसिस करतो, तेव्हा हीच नोंद त्याच्या तक्त्यात जाऊन बसते. नळी एकच होती, चुका तीन झाल्या.

म्हणूनच शिकाऊ डॉक्टर असणं हा कॉलेजच्या हॉस्पिटलचा दोष नाही, असं माझं मत आहे. राउंडला प्रोफेसरांनी "नळी कशाने धुतली होती?" असं विचारलं, तर तो प्रश्न पेशंटच्याच कामी येतो. खासगीत हा प्रश्न विचारणारं बहुधा कुणी नसतं. मुंबई रक्तगट या दुर्मिळ रक्तगटाचंच बघा. क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे रक्त चढवण्याआधीच्या जुळणी-तपासणीत, न जुळणारं रक्त 'लॅबची चूक' म्हणून सोडून न देता त्याचा पाठपुरावा झाला, म्हणून डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध 1952 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. या रक्तात एच अँटिजेनच (तांबड्या पेशींवरची, 'ओ' रक्तातही असणारी खूण) नसतो, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ते 'ओ' दिसतं. पण त्या माणसाचा सीरम (रक्तातला पेशींविना उरणारा द्रव) 'ओ'च्या पेशींचेही गोळे करतो. म्हणजे 'ओ' समजून 'ओ' चढवलं तर जिवावर बेतेल. आज ब्लड बँकेत उलट बाजूने तपासणी करताना, म्हणजे पेशंटचा सीरम माहीत असलेल्या गटांच्या पेशींवर टाकून बघताना, 'ओ' पेशींची नळीही का लावायची, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. एका पेशंटचं न जुळलेलं रक्त असं पाठ्यपुस्तकात पोचलं.

(संशोधन मोठ्या इमारतीतच होतं असंही कुणी समजू नये. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध डॉ. हिंमतराव बावसकरांनी महाडमध्ये काम करताना पुढे आणलं. खाटेशी बसून नाडी, रक्तदाब आणि वेळ लिहून ठेवायची चिकाटी मात्र लागते.)

आता खरं दुखणं. एमडी तीन वर्षांचं. थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी जमा करायचा. सुरुवातीचे काही महिने विषय, सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) आणि एथिक्स कमिटी (संशोधनाला परवानगी देणारी नीतिमत्ता समिती) यांत जातात. पेशंट गोळा करायला हातात उरतात साधारण अठरा महिने. समजा युनिटला, म्हणजे विभागातल्या डॉक्टरांच्या एका तुकडीला, महिन्याला घोणसदंशाचे चार पेशंट मिळतात. म्हणजे बहात्तर. आता किती पेशंट लागतील हे सांगणारं सॅम्पल साइजचं सूत्र लावा: चार गुणिले पी (त्रास होणाऱ्यांची टक्केवारी) गुणिले क्यू (उरलेल्यांची), भागिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग. वीस टक्के पेशंटना मूत्रपिंडाचा त्रास होतो असं धरलं आणि पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर 256 पेशंट लागतात. ते काही मिळणार नाहीत. मग काय करतात? चुकीची मर्यादा दहा टक्के करतात. उत्तर येतं 64. वा, जमलं! पण मग निष्कर्ष काय, तर दहांतल्या एकाला होतो किंवा तिघांना होतो. एवढं वॉर्डातली सिस्टरही सांगेल, आणि तिचा अंदाज जास्त बरोबर असेल.

याला हाउसमनला दोष देण्यात अर्थ नाही. दरवर्षी नवा विद्यार्थी, नवा विषय, नवा फॉर्म, आणि तीन वर्षांनी तिन्ही थिसिस ग्रंथालयाच्या कपाटात शेजारी शेजारी. माझं म्हणणं सरळ आहे: प्रश्न युनिटचा असावा, विद्यार्थ्याचा नाही. एकच फॉर्म, त्याच व्याख्या, लागोपाठ पाच बॅचेस. प्रत्येकाने आपल्या काळातल्या पेशंटवर एक वेगळा पैलू लिहावा, थिसिस त्याच्याच नावावर राहू द्यावा. दरवर्षी एक बॅच धरली तर अठरा-अठरा महिने एकमेकांवर येतात, पण ते एकदाच मोजले तरी पाच बॅचेसचे सहासष्ट महिने आणि 264 पेशंट होतात, सूत्राला लागणाऱ्या संख्येपेक्षा जास्तच. गाइड (थिसिसचा मार्गदर्शक प्राध्यापक) बदलला तरी फॉर्म बदलायचा नाही, एवढं पथ्य पाळावं लागेल. तेच सगळ्यात अवघड आहे. ते का, हे ज्यांनी विभागातलं राजकारण पाहिलंय त्यांना सांगायला नको.

संशोधनासाठी पेशंटच्या संमतीचंही तसंच. एथिक्स कमिटीचा कागद बहुधा नीट असतो. क्लिनिकल ट्रायलसाठी (माणसांवरच्या औषधचाचणीसाठी) तर 2019 च्या नियमांप्रमाणे कमिटीत निदान सात सदस्य, निम्मे बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. पण प्रत्यक्षात सही घेतो तोच डॉक्टर, जो रात्री दोन वाजता एएसव्ही लावत होता. नातेवाईक म्हणतात, "तुम्ही सांगाल तिथे करतो साहेब." ती संमती नव्हे, ती भीती आहे. थिसिससाठी नुसती निरीक्षणं घ्यायची असतील, तर पेशंट सावरल्यावर दुसऱ्या दिवशी विचारा, आणि दुसऱ्या युनिटच्या माणसाने किंवा समाजसेवा अधीक्षकांनी विचारलं तर आणखी बरं. नाही म्हटलं तरी उपचार तोच राहील, हे आधी सांगा, मराठीत सांगा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. बेडसाइड क्लिनिकलाही, म्हणजे खाटेशी उभं राहून शिकवण्यालाही, हाच न्याय. सुजलेली प्लीहा बारा जणांनी ओळीने चाचपायची नसते. तिघाचौघांनी तपासावं, बाकीच्यांनी बघावं, आणि आधी पेशंटला विचारावं.

युनिटला संशोधनासाठी मशीन देण्याआधी एक डेटा एन्ट्रीवाला द्या. आणि तोवर निदान चार गोष्टी केसपेपरवर येऊ द्या: साप चावल्याची वेळ, नळी लावल्याची वेळ, चोवीस तासांची लघवी आणि वजन. वजन नसलं की क्रिअ‍ॅटिनिनवरून म्हणजे रक्तातल्या एका टाकाऊ घटकाच्या पातळीवरून, मूत्रपिंडाचं क्लिअरन्स (रक्त साफ करण्याचा वेग) काढण्याचं नेहमीचं सूत्र चालत नाही. मग कुणीतरी साठ किलो धरतो, आणि तेच साठ किलो सगळ्या तक्त्यात पसरतात. उभं राहता येत नसेल तर नातेवाइकांना विचारून आकडा लिहा आणि त्याच्यापुढे 'अंदाजे' लिहा.