इयान कर्टिस गेला म्हणून जॉय डिव्हिजन मोठा झाला?

मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनची गोष्ट हमखास अशी ऐकवली जाते. काळं कुत्रं विचारत नव्हतं असा बँड. १९८० मध्ये गायक इयान कर्टिसने आत्महत्या केली, कंपनीने त्या मरणाचा बाजार मांडला आणि बँड अजरामर झाला. वर पुरवण्याही असतात: गाण्यांत त्याने आधीच निरोप लिहून ठेवला होता, ‘अननोन प्लेझर्स’ या अल्बमच्या कव्हरवरून टी-शर्टवर आलेल्या त्या पांढऱ्या रेघा म्हणजे त्याचे हृदयाचे ठोके, आणि तो गेला तिथे सगळं संपलं. कथा म्हणून फक्कड आहे. तारखा लावून पाहिल्या की मात्र तिचे सांधे निखळतात.

आधी ‘कुणी विचारत नव्हतं’ हे घेऊ. जून १९७६ मध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम पाहून आलेल्या पीटर हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. गिटारवादक बर्नार्ड समनर आणि तो, मग कर्टिस, मग ड्रमर स्टीफन मॉरिस अशी जुळणी झाली. सप्टेंबर १९७८ मध्ये ते ग्रॅनाडा टीव्हीवर झळकले. जानेवारी १९७९ मध्ये ‘एनएमई’ या संगीत साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कर्टिस होता आणि त्याच महिन्यात बीबीसी रेडिओवरच्या जॉन पील या निवेदकाच्या कार्यक्रमासाठी त्यांचं ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा त्यांचा एकही अल्बम आलेला नव्हता! ‘अननोन प्लेझर्स’ आला जून १९७९ मध्ये, पहिल्याच खेपेला १० हजार प्रती काढून. त्यानंतर बझकॉक्स या बँडसोबत ब्रिटनचा दौरा झाला, मग युरोपचा. कर्टिस गेला १८ मे १९८० रोजी, आणि दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेला निघणार होता. ज्याला कुणी विचारत नाही त्याला अमेरिकेत कोण बोलावतं?

एवढं मान्य करायला हवं की त्याच्या मृत्यूनंतर खप वाढला. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे गाणं ब्रिटनमध्ये १३व्या क्रमांकावर गेलं, ‘क्लोजर’ हा दुसरा अल्बम ६व्या. पण ही दोन्ही ध्वनिमुद्रणं मार्च १९८० मध्येच झाली होती. लोक रांगेत नंतर आले, माल आधीच तयार होता.

कंपनीने बाजार मांडला म्हणतात, त्याचा पुरावा म्हणून ‘क्लोजर’चं कव्हर दाखवतात: जिनोआच्या स्मशानभूमीतल्या एका थडग्याचा फोटो. तो फोटो कर्टिस हयात असतानाच निवडलेला होता. नंतर पीटर सॅव्हिल या डिझायनरलाच धडकी भरली. आणि फॅक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी तरी कसली, तर खर्च वजा जाता नफा बँडशी निम्मा निम्मा वाटून घेणारी. धंदा कसा करू नये हे शिकायला तिचा संस्थापक टोनी विल्सनकडे जावं.

हृदयाच्या ठोक्यांचं एका वाक्यात आटपतं. त्या रेघा १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेलला सापडलेल्या पहिल्या पल्सारच्या, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या, स्पंदनांच्या आहेत, आणि ते चित्र समनरला खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात मिळालं.

‘गाण्यांत निरोप होता’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे त्याच्याच अपस्माराचं गाणं, असं छातीठोकपणे सांगतात. कर्टिस मॅकल्सफील्डला रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देण्याचं काम करायचा. तिथे येणाऱ्या, फिट्स येणाऱ्या एका तरुणीवरून ते गाणं सुचलं, त्याच्या स्वतःच्या आजाराचं निदान व्हायच्या आधी. ते निदान झालं जानेवारी १९७९ मध्ये. मग स्टेजवर फिट्स, जड औषधं, मोडत चाललेला संसार, घरात तान्ही मुलगी, आणि कार्यक्रम मात्र चालूच. तेविशीतल्या त्या मुलाला विश्रांतीची आणि उपचारांची गरज होती. त्याच्या आजारपणाला शापित कवीचा फेटा बांधला की ही साधी गोष्ट दिसेनाशी होते.

बाकीच्यांचं कामही त्यात बुडतं. हुक बेसच्या वरच्या सुरांवर वाजवायचा, कारण त्याच्या भिकार अ‍ॅम्पमधून खालचे सूर त्याला ऐकूच यायचे नाहीत. बँडची ओळख झालेल्या त्या धुना अशा नडीतून आल्या. ‘अननोन प्लेझर्स’च्या वेळी स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेटने मॉरिसला एकेक ड्रम वेगळा वाजवायला लावला आणि आवाजाभोवती रिकामी जागा ठेवली. हुक आणि समनरला तो अल्बम तेव्हा आवडला नव्हता. त्यांना स्टेजवरचा दणका हवा होता. माझ्या मते हॅनेटच बरोबर होता.

राहिलं ‘तिथेच संपलं’. कुणी एक जण सोडून गेला तर हे नाव वापरायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. उरलेले तिघे २९ जुलै १९८० रोजी, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत, मँचेस्टरमध्ये पुन्हा स्टेजवर उभे राहिले. त्यांनी ‘न्यू ऑर्डर’ हे नाव घेतलं आणि गिलियन गिल्बर्ट येऊन मिळाली. १९८१ मधलं त्यांचं पहिलं सिंगल ‘सेरेमनी’ हे जॉय डिव्हिजनचंच उरलेलं गाणं. त्याचे शब्द जुन्या टेपवरून कान देऊन उतरवावे लागले. १९८३ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ब्लू मंडे’वर अर्ध्या जगाने नाच केला, आणि त्यातल्या बहुतेकांना कर्टिस कोण हे ठाऊकही नव्हतं.