कॅम्पमधलं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे 'जुनं, टाक्यांचं'? जरा थांबा

सध्या एक मेसेज फिरतोय की फुकट कॅम्पमध्ये हाताने ऑपरेशन करतात, टाके घालतात, नजर नीट येत नाही, म्हणून पैसे गेले तरी चालतील पण लेझरच करा. यातलं बरंचसं चुकीचं आहे.

हाताने म्हणतात ती पद्धत एसआयसीएस (स्मॉल इन्सिजन कॅटरॅक्ट सर्जरी). बुबुळाच्या वर पांढऱ्या भागातून ६-७ मिमीचा तिरका बोगदा करतात, मोतीबिंदू अख्खा बाहेर काढतात, भिंग बसवतात आणि तो बोगदा डोळ्यातल्या दाबानेच मिटतो, त्यामुळे टाका सहसा लागतच नाही. टाक्यांचं ते त्याआधीचं ऑपरेशन, आजीच्या वेळचं. आणि ज्याला सगळे लेझर म्हणतात ते फेको, त्यात बहुतेक वेळा लेझर नसतोच, अल्ट्रासाउंड असतो, त्याने मोतीबिंदू आतच फोडून लहान छेदातून काढतात.

आता नजरेचं. पुण्यात एच. व्ही. देसाई हॉस्पिटलमध्ये ४०० डोळ्यांवर दोन्ही पद्धती ताडून बघितल्या, २००५ साली छापून आलंय. सहा आठवड्यांनी चष्मा लावून ६/१८ (चांगल्या डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगली नजर दोन्हीकडे ९८.४ टक्के लोकांना. बिनचष्म्याचं मात्र फेको पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७१ टक्के, कारण छेद लहान त्यामुळे चष्म्यातला सिलिंडरचा (तिरप्या वक्रतेचा) नंबर कमी येतो. हा फरक खरा आहे, लपवायचं कारण नाही.

पण मोतीबिंदू पार पिकून तपकिरी, कडक झाला असेल, गावाकडे असे पेशंट भरपूर, तर बरेच सर्जन स्वतःहून एसआयसीएसच करतात, कारण कडक मोतीबिंदू फोडायला फेकोची ताकद जास्त लागते आणि ते बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सोसत नाही.