पट्टीत न मावणारा कल

वर्तमानपत्रात नोकरी करतो हे मी हल्ली परक्या ठिकाणी सांगत नाही. लग्नाच्या पंगतीत एकदा बोलून गेलो, तर शेजारच्या गृहस्थांनी जिलबी बाजूला सारून विचारलं, “पाकीट महिन्याला येतं की बातमीगणिक?” पगाराचंच पाकीट दहा तारखेनंतर येतं, हे त्यांना पटणं शक्य नव्हतं.

मी रात्रपाळीचा उपसंपादक. बातम्या कापायच्या, मथळे बसवायचे, पान सोडायचं आणि सकाळी उठून शिव्या खायच्या. पहिला हप्ता तळमजल्यावरच्या नानांचा. ते नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन अंक मोजतात. “मोर्चाला तीन कॉलम आणि मंत्र्याला पाच? कुणाचा फोन आला होता?”

फोन आला होता हे खरं. रात्री सव्वाअकराला, जाहिरात विभागाचा. पैठणीच्या सेलची अर्ध्या पानाची जाहिरात आली आणि पाच कॉलमांचा मोर्चा तीनवर आला. आतल्या पानावर उलट एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. ते भगदाड बुजवायला फीत कापणारा मंत्री सापडला, कारण फोटो आडवा होता. उभा असता तर तिथे मंडईतल्या मेथीचे ढीग गेले असते. नानांना हे सगळं बनाव वाटतं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर त्याच अंकावरून आम्हाला विरोधकांचं मुखपत्र ठरवतात. दोघं जिन्यात समोरासमोर आले की एकमेकांना नव्हे, मला झापतात.

१७ फेब्रुवारी २०२३ची रात्र विसरणं शक्य नाही. निवडणूक आयोगाने शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंना दिलं. तोवर दोन्हीकडे ‘गट’ लावून डेस्क सुखात होतं. आता कुणाचा गट काढायचा, कुणाचा ठेवायचा? बराच काथ्याकूट करून ‘शिवसेना शिंदे गटाकडे’ असं लावलं. सकाळी एकाचा फोन, “अजून गट?” दुसऱ्याचा, “शिवसेना तुमच्या घरची होती का, देऊन टाकायला?” जणू निकाल आयोगाने नाही, आमच्या डेस्कने दिला!

त्याआधी २३ नोव्हेंबर २०१९. त्या सकाळच्या अंकांत पहिल्या पानावर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होऊ घातले होते. लोकांचा चहा होतोय तोवर, आठच्या सुमारास, राजभवनात फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतलीसुद्धा. मेहुण्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, “भावजी, तुम्हाला सगळं आधी ठाऊक होतं. मुद्दाम लोकांना झोपेत ठेवलंत.” अरे बाबा, त्या वेळी मी स्वतःच झोपेत होतो! त्यावर दोन मावश्या आणि एक आतेभाऊ ग्रुप सोडून गेले.

मेहुणा अंगठ्याने भांडतो, म्हणून दमत नाही. ‘सुधारक’कार आगरकरांच्या विरोधकांना निदान कष्ट पडायचे. जिवंत माणसाची प्रेतयात्रा काढायची तर बांबू, मडकं, खांदेकरी, सगळं जमवावं लागे.

आता कल नसतोच का? असतो ना. मालकाचा असतो, सरकारी जाहिरातींच्या थकबाकीचा असतो, माझाही असतो. फक्त तो पट्टीला लागत नाही, कारण बराचसा न छापलेल्या बातमीत असतो. आमच्याच वॉर्डातल्या गढूळ पाण्याची बातमी आठवडाभर “उद्या घेऊ” म्हणून पडून होती. शेवटी पानावर लावली, तर त्याच रात्री माजी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा आल्या. मागोमाग वरून निरोप आला, “पाणी राहू द्या.”

सकाळी पाहतो तर नाना नळाच्या तोंडाला फडकं बांधत होते.

“आज अंक कसा समतोल आहे!” ते म्हणाले. “दोन्ही पक्षांना चार-चार कॉलम. असंच मोजून देत जा.”