चाकाचा अडकलेला नट: गॅस, ग्रीस आणि पाइप

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लांबणार आहे, कारण तिच्यातला एक मुद्दा थेट जिवाशी खेळणारा आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाकाचा अडकलेला नट सोडवण्यावरचा माझा लेख पुस्तकी आहे. रस्त्यात माणसाजवळ गाडीसोबत आलेला एकच एल पाना असतो, त्यावर चढून उड्या मारल्या की नट सुटतो. वडिलांनी त्यांच्या पद्मिनी गाडीच्या स्टडना (नट ज्यांवर चढतात त्या आटेदार दांड्यांना) आयुष्यभर ग्रीस लावलं, एकही चाक सैल झालं नाही. आणि मी सांगितलं तसं तेल मारूनही तुमच्या मागच्या चाकाचा एक नट जागचा हललेला नाही, म्हणून आता तो गॅसच्या ज्योतीने तापवून घेणार आहात.

आधी शेवटचं. चाकावर टायर असताना नट गॅसने तापवू देऊ नका, अगदी हात जोडून सांगतो. रिम तापली की टायरमधल्या हवेचा दाब वाढतो, हे सगळ्यांना कळतं. खरा धोका रबराचा आहे. आतल्या बाजूचं रबर तापलं की त्यातून पेट घेणारे वायू सुटतात आणि टायर स्फोट होऊन फुटतो, कधी कधी ज्योत बाजूला घेतल्यानंतरही. नुसती हवा सोडल्याने हा धोका टळत नाही. अशा स्फोटांत कसलेले कारागीर गेले आहेत. त्यापुढे बेअरिंगचं ग्रीस वितळणं, सील जळणं हे नुकसान किरकोळच म्हणायचं.

आता ग्रीस. वडिलांचा अनुभव खरा आहे, मी तो खोडत नाही. पण ते नट हाताने, आखूड पान्याने आवळत होते आणि हाताला अंदाज होता. नट आवळताना आपण लावलेल्या जोरातला जवळपास नऊ दशांश भाग आट्यांचं आणि नटाच्या बैठकीचं घर्षण खातं. उरलेल्या थोड्या जोराने स्टड किंचित ताणला जातो, आणि ताणलेल्या रबरबँडसारखा तो चाकाला हबवर (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर) दाबून धरतो. ग्रीस लावलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. आज टायरच्या दुकानात नट हाताने कोण आवळतं? नट आवळायला हवेच्या दाबावर चालणारी गन लागते. ग्रीस आणि गन एकत्र आले की स्टड कायमचा लांबतो, आटे बिघडतात. टोयोटाच्या पुस्तिकेत तर चाकाच्या नटांना तेल किंवा ग्रीस लावू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. ग्रीस लावायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल कडेला बोटाने पुसट लावा. त्याने चाक हबला चिकटत नाही.

पान्यावर उभं राहायला माझा विरोध नाही, उड्यांना आहे. 60 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी सुमारे 175 न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) जोर मिळतो. बहुतेक लहान गाड्यांचे नट 85 ते 120 पर्यंतच आवळायचे असतात. म्हणजे नीट बसवलेला नट तेवढ्यावर सुटायलाच हवा. उडी मारली की पाना सटकतो, नटाचे कोपरे झिजतात आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. पाइप मिळाला तर उत्तमच. एक मीटरच्या पाइपवर हातांनी 20 किलोचा भार दिला तरी त्याहून थोडा जास्तच जोर मिळतो, तोही ताब्यात राहून. फक्त पाइपवर चढू नका, स्टड तुटेल. चाक जमिनीवर टेकलेलं, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पाना नटावर पूर्ण आत गेलेला आणि दांडा डावीकडे आडवा, म्हणजे खाली दाबलं की नट उलटा फिरतो. हे सगळं रस्त्याच्या कडेला जमतं, पण भरधाव गाड्यांच्या बाजूचं चाक असेल तर हट्ट करू नका. राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा.

तुमच्या नटाबद्दल माझा अंदाज सांगतो. अलॉय चाकांचे नट बहुधा बंद तोंडाचे असतात. त्यांच्यावर बाहेरून कितीही तेल मारलं तरी आट्यांपर्यंत पोचत नाही. नट जिथे रिमला टेकतो त्या फटीत थोडं तेल सोडा (ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका) आणि रात्रभर राहू द्या. सकाळी षटकोनी सॉकेट (नटावर टोपीसारखा बसणारा पाना) आणि लांब दांडा घेऊन आधी अगदी थोडा आवळायच्या दिशेला दाबा, मग सोडायच्या. गंज धरला असेल तर या मागेपुढे करण्याने तो तुटतो. कोपरे गेले असतील तर एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवा किंवा झिजलेल्या नटांसाठी आतून पिळाचे दात असलेलं सॉकेट मिळतं ते आणा. त्यात स्टड तुटला तरी चालेल, नवा स्टड बदलता येतो.

नट निघाल्यावर आट्यांवरचं तेल तारेच्या ब्रशने आणि कोरड्या कापडाने पूर्ण काढा. नवीन नट आधी हाताने फिरवून बसवा, शेवटचा जोर टॉर्क रेंचने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) द्यायला दुकानदाराला सांगा आणि तो देताना तिथे उभे राहा. बहुतेक अडकलेले नट गनने बेसुमार आवळलेलेच असतात. साधारण 100 किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा तपासा.

गाडी कुठली आहे आणि नटाचं तोंड बंद आहे की उघडं, तेवढं कळवा. अजून हलला नाही तर पुढे काय करायचं ते त्यावरून सांगता येईल. तोवर गॅसवाल्याला थांबवा.