गच्ची सगळ्यांची, गळती माझी

परवा इंद्रायणी एक्स्प्रेसमध्ये, कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये, एका काकांनी माझे सगळे जीव घालवले. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या खिशात मियू मिनी असतो. पत्त्यांच्या कॅटाएवढा गेम, 2.8 इंची स्क्रीन, 128 एमबी रॅम, पोटात लिनक्स ही संगणकप्रणाली. त्यावर हौशी लोकांनी मिळून केलेलं ओनियन नावाचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलंय. खेळत होतो कॉन्ट्रा, हा जुना गोळीबाराचा गेम, तोही तीस जीवांचा कोड न मारता. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं. आमच्या पिढीला हे पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं. पण यंदा ठरवलं, तीन जीवांत जमेल तेवढं. तीन आठवडे खपून पाचव्या टप्प्यावर, बर्फात पोचलो होतो. हातात एस, म्हणजे पाच गोळ्या पंख्यासारख्या उडवणारी बंदूक.

कल्याणला काका शेजारी बसले. ठाकुर्लीच्या बातमीपासून कोथिंबिरीच्या भावापर्यंत पेपर वाचून झाला आणि मान माझ्याकडे वळली.

"मुलाचा का?"

"माझाच."

"अच्छा." त्या 'अच्छा'त माझी बेचाळीस वर्षं मावली. "किती पडले?"

"साडेसहा हजार."

"एवढ्यात तर फोन येतो! त्यात हे सगळे गेम फुकट."

फोनच्या काचेवर बटणं नसतात, अंगठा घसरतो, ऐन उडीच्या वेळी बँकेचा ओटीपी येतो, हे मी सांगून पाहिलं. मग चूक केली. म्हणालो, "काका, यातलं सॉफ्टवेअर फुकटच आहे. ओपन सोर्स."

"म्हणजे कोणाचं?"

"सगळ्यांचं."

काका दोन मिनिटं गप्प. गाडीला मागून इंजिनं जोडली जात होती, वडापाववाला ओरडत होता. मग चेहरा उजळला. "म्हणजे सोसायटीच्या गच्चीसारखं!"

"तसंच."

"मग गळती कोण काढतं?"

"ज्याला टोचते तो."

"आमच्याकडे आठ वर्षं गळतंय, कोणालाच टोचत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंना टोचतं, पण त्या भाडेकरू."

मला हे तोडायला हवं होतं. उलट मी फुललो. लिनक्सबद्दल बायको ऐकत नाही, ऑफिसात कोणी विचारत नाही, आणि इथे एक माणूस मान डोलवतोय! 2005 सालचा कोरियन जीपीटूएक्स, असाच लिनक्सवाला खिशातला गेम, सांगितला, जो दोन पेन्सिल सेल घटाघटा प्यायचा. तसाच पँडोरा सांगितला, ज्याचे पैसे लोकांनी 2008 साली भरले आणि पहिला नग 2010 साली निघाला.

"दोन वर्षं? आमच्या बिल्डरपेक्षा बरे," काका म्हणाले. "आणि हे गेम? तेही गच्चीवरचे?"

इथे मी लोणावळ्याच्या चिक्कीचा विषय काढला. एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, कायदेशीर असतो. त्यात टाकलेल्या गेमबद्दल गाडीत बोलू नये.

"बघू जरा," म्हणत काकांनी तो हातातून घेतला. मागितला नाही, घेतला. आपल्याकडे अनोळखी माणसाचा मोबाईल असा कोणी उचलत नाही. खेळणं मात्र सार्वजनिक. पलीकडे एक तरुण फुल्ल आवाजात रील बघत होता, त्याला कोणी वय विचारलं नाही. हेडफोन लावून, कोणाच्या अध्यात-मध्यात न येता खेळणारा मी मात्र 'मुलाचा का?'

बोगदा आला. अंधारात फक्त काकांची हनुवटी निळी दिसत होती. पहिला जीव सरळ उभं राहून गेला, एससकट. "हा पुढे का जात नाही?" दुसरा, "उडी कुठली?" बोगदा संपला तेव्हा तिसराही संपला होता, आणि काका कंटिन्यू घेऊन परत मरायला निघाले होते. एकदा एक शिपाई मेला तेव्हा एवढ्या मोठ्याने "घे!" ओरडले की रीलवाल्याने आवाज कमी केला. तेवढाच फायदा.

तरी मी शांत होतो. म्हटलं, परत घेऊ, पॉवर बटण दाबून धरण्याऐवजी आधी माझी जुनी सेव्ह उघडू. मग आठवलं, हाताने सेव्ह मी केलंच नव्हतं. ओनियन स्वतःच करतं, बंद करताना, जिथे असाल तिथे. म्हणजे बंद होण्याआधी काहीतरी...

"घ्या," काका म्हणाले. "बटण दाबून बंद केलाय. बॅटरी कशाला जाळायची?"

शिवाजीनगरला उतरताना त्यांनी खांद्यावर हात ठेवला. एव्हाना 'अहो'चं 'अरे' झालं होतं. "अरे, ते लिनक्सवाले गच्चीचं वॉटरप्रूफिंग करतात का, बघ जरा."

पुणे स्टेशनवर चालू केला. पडद्यावर गेम ओव्हर. खाली कंटिन्यू आणि एंड, आणि काकांनी बाण एंडवर नेऊन ठेवलेला.