नुसता बल्ब बदलून भागत नाही

गाडीच्या हेडलाइटचा उजेड वाढवण्यावरच्या लेखात ‘१००/९० चा एच-४ बल्ब (हाय आणि लो बीम दोन्ही देणारा हेडलाइटचा हॅलोजन बल्ब) लावा, काम झालं’ असं म्हटलंय. तिथेच घोटाळा आहे. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे हाय बीमला (लांबचा उजेड) ६०, लो बीमला (जवळचा) ५५. हाय बीमला १२ व्होल्टवर तो ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा सव्वाआठ. मूळ बारीक वायर आणि स्टीअरिंगजवळचा स्विच एवढ्यासाठी बनवलेलाच नाही. आधी होल्डर तपकिरी पडतो, मग वितळतो.

रिले किट घ्या (रिले म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणारा स्विच; बल्बचा मोठा प्रवाह मग बॅटरीतून थेट जातो): ३० अँपिअरचे दोन रिले (लो आणि हायला वेगळे), सिरॅमिक होल्डर, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच प्रत्येक रिलेला २० अँपिअरचा फ्यूज. अर्थिंग (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वायर) रंग खरवडून गाडीच्या उघड्या पत्र्यावर. निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

खरं तर रिले लावून ६०/५५ च ठेवले तरी फरक दिसतो. मूळ बारीक वायरीत व्होल्टेज वाया जातं, आणि बल्बला ते १० टक्के कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. शिवाय १००/९० रस्त्यावर नियमात बसत नाही.

बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागापाशी ती तापून फुटते. आणि हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी? समोरच्याच्या डोळ्यांत झगझगाट, आपल्यापुढे अंधार.